लाकडी रातांबा

मित्रांनो, मला चाखून बघू नका, दात दुखतील. मी दिसायला रातांबा आहे, म्हणजे ज्याच्या सालीची आमसुलं करतात ते फळ. पण माझ्यात रसही नाही आणि बीही नाही. मी शिवणीच्या लाकडाचा आहे आणि आता बराच जुना झालो आहे. एके काळी मला छान तांबडा रंग होता. तो आता फक्त देठाजवळच्या खळग्यात उरला आहे. पोटाभोवती एक गोल खाच आहे.

पोलादपूरच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत, चंद्रभागाकाकूंचा आमसुलांचा छोटा कारखाना आहे. तिथल्या एका यंत्राशेजारी खिळ्याला मी सुतळीने लटकत असतो. नवीन माणूस आला की मला हातात घेतो, हुंगतो आणि हसतो. त्याचा मला राग येत नाही. लाकडाच्या फळाला हसावं, हे बरोबरच आहे. पण एवढ्या रानभर रातांबे असताना लाकडाचा रातांबा कुणाला कशाला लागला, ते ऐकून मग हसा.

जवळच्या अभियांत्रिकी विद्यापीठात दर पावसाळ्यात एक दिवस असा येतो की आसपासच्या कारखान्यांतली माणसं तिथे जमतात आणि आपापल्या अडचणी सांगतात. शेवटच्या वर्षाची मुलं गट करून त्यांतली एक अडचण निवडतात आणि वर्षभर तिच्यावर काम करतात. त्या वर्षी महाडच्या औद्योगिक वसाहतीतले साहेब आले होते. कुणाचा पंप गळत होता. कुणाकडे पिंपं हलवताना कामगारांची कंबर धरत होती. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. चंद्रभागाकाकूंकडे चित्रं नव्हती. त्यांनी आपले दोन्ही हात वर करून मुलांना दाखवले. मोसम संपून कितीतरी दिवस झाले होते, तरी बोटांची पेरं काळी आणि चिरलेली होती.

“रातांब्याचा रस हाय हा,” काकू म्हणाल्या. “माझ्याकडं मोसमात बायका बसतात. सुरीनं फळ कापायचं, बोटानं बिया काढायच्या. दिवसभर हात आंबटात. पेरं फुटतात. मग घरी जाऊन भाकरी थापता येत नाय, आमटीत बोट बुडवता येत नाय. रबरी हातमोजे दिले तर सुरी लागून दुपारपर्यंत फाटतात. यंदा जाताना बायका म्हणाल्या, वयनी, पुढल्या वर्साला आमची वाट बघू नको. त्या नाय आल्या तर मी काय एकटी कापू? कुलूपच लावायचं मग.”

हे सगळं मी नंतर विद्यापीठाच्या वर्कशॉपमधल्या गप्पांतून ऐकलं, कारण तेव्हा मी अजून एक ओंडका होतो.

काकूंची अडचण ज्या गटाने उचलली, त्यात तिघंजण होते. श्रुतिका तुडील गावची, सावित्री नदीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. बुद्धरत्न महाड शहरातला, शिक्षकांचा मुलगा. बोलण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. आणि साहिल मूळचा पोलादपूरचा, पण मुंबईत वाढलेला.

“अगं, पंपवाली कंपनी घे ना यार,” साहिल श्रुतिकाला म्हणाला होता. “पुढे जॉबचा चान्स तरी आहे. आमसूलवाल्या काय देणार, आमसुलं?”

“तुझ्या बोलण्याला चव तरी येईल,” बुद्धरत्न म्हणाला.

श्रुतिका मात्र तोवर काकूंजवळ जाऊन उभी राहिली होती. “काकू, पुढच्या मोसमाला फळं उतरतील तेव्हा यंत्र तुमच्याकडे असेल,” ती म्हणाली. “बायकांना सांगा, यंत्र येतंय.”

“सांगू? मागनं तोंडघशी नको पाडूस बाय.”

“सांगा.”

झालं, शब्द गेला. आणि लगेच कोडं पडलं. विद्यापीठाचं वर्ष पावसात सुरू होतं आणि उन्हाळ्यात परीक्षा देऊन संपतं. रातांबे ऐन वैशाखात पिकतात आणि पाऊस आला की संपतात. म्हणजे मुलं वर्गात असतात तेव्हा झाडावर फळ नसतं, आणि झाडावर फळ येतं तेव्हा मुलं परीक्षेला बसलेली असतात. फळ कापायचं यंत्र करायला निघालेल्या मुलांपाशी कापायला एकही फळ नव्हतं.

श्रुतिकाच्या घरामागे रातांब्याचं झाड होतं. पण मित्रांनो, लहानपणापासून खाल्लेलं फळ वेगळं आणि मोजलेलं फळ वेगळं. केवढं असतं असं गटाच्या सरांनी विचारल्यावर तिला नेमकं सांगता येईना. मग तिघं एसटीत बसून पोलादपूरला गेली आणि काकूंनाच विचारलं. काकूंनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला.

“एवढा असतो बघ.”

बुद्धरत्नने त्या गोलाच्या आत मोजमापाचं व्हर्निअर धरलं. कारखान्यात काम करणारी शकूमावशी तिथेच मिठाचं पोतं झाडत होती. ती म्हणाली, “वयनी, हात हलवू नको. डाक्टर तपासतोय.”

साहिलने आकडा मोबाइलमध्ये टिपला. “सरासरी रातांबा, डन,” तो म्हणाला.

त्या वेळी एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. तुमचं फळ केवढं, असं विचारलं की माणसाच्या डोळ्यांपुढे आपलं चांगलं फळच येतं. काकूंनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या झाडांचं कौतुक केलं होतं, इतकंच. आणि मुलांनी ते कौतुक मोजून नेलं.

वर्कशॉपमध्ये महादूकाका नावाचे सुतार होते. मुलांनी त्यांच्याकडे लाकडाची फळं मागितली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“आजवर पोरं माझ्याकडे मोडके बेंच घेऊन यायची,” ते म्हणाले. “फळबाग लावायला तुम्हीच पहिले.”

पण काम त्यांनी मनापासून केलं. शिवणीचा तुकडा लेथवर चढवला, पटाशी टेकवली, आणि माझ्या अंगावरचे कोपरे सालींसारखे भुर्रकन उडून गेले. मग बारीक काचकागदाने घासून मला असं गुळगुळीत केलं की माझा मलाच अभिमान वाटला. माझ्यामागून माझे भाऊ आले. आम्ही सगळे एका मापाचे. शेजारी शेजारी ठेवल्यावर मी कुठला आणि भाऊ कुठला, हे महादूकाकांनाही सांगता आलं नसतं. श्रुतिकाने आम्हाला तांबडा रंग दिला.

“मीठ लावून उन्हात टाकू या का?” बुद्धरत्नने विचारलं. “मुंबईकरांना कळणार नाही.”

“मला कळतं हां,” साहिल म्हणाला.

“तुला रंगाचा वास येतोय म्हणून कळतंय.”

असे ते दिवस होते. आमचं काम घरंगळण्याचं. यंत्राला वर नसराळ्यासारखं पत्र्याचं तोंड होतं. तिथून एका उतरत्या पन्हळीतून आम्ही खाली यायचो, दोन रबरी पकडी आम्हाला अलगद धरायच्या, आणि वरून पातं जिथे उतरायचं तिथेच आम्ही नेमके थांबायचो. आम्हाला कापता येत नव्हतं, म्हणून पात्याची परीक्षा लिंबांवर व्हायची. कापलेल्या लिंबांचं सरबत साहिल सगळ्या वर्कशॉपला पाजायचा. त्यामुळे बाकीचे गट आमच्या यंत्राची चौकशी फार आपुलकीने करायचे.

हिवाळा संपता संपता विद्यापीठात प्रदर्शन भरलं. श्रुतिकाने बटण दाबलं आणि आम्ही निघालो. टक, टक, टक. एकही अडला नाही, एकही चुकला नाही. पाहुण्यांनी मला हातात घेऊन फोटो काढला. आमच्या गटाला पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि महादूकाकांनाही पुढे बोलावून घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, जगातला सर्वांत गुणी रातांबा मीच. मी कधी सडत नाही, कधी फुटत नाही, कुणाला डाग लावत नाही. खऱ्या रातांब्यात याहून जास्त काय असणार?

वैशाख आला. पहिली फळं उतरली आणि टेम्पोतून यंत्र कारखान्यात आलं. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. काकूंच्या शब्दावर विश्वास ठेवून बायका आल्या होत्या. त्यांनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि यंत्राभोवती उभ्या राहिल्या. साहिलने आधी आम्हाला सोडून दाखवलं. टक, टक, टक. बायकांनी माना डोलावल्या. मग त्याने टोपलीतली खरी फळं ओतली.

ती माझी आणि खऱ्या रातांब्यांची पहिली भेट. मी बघतच राहिलो. एक सुपारीहून थोडा मोठा, एक लहानशा पेरवाएवढा, एक चपटा, एक देठाकडे वाकडा. एक टणक, तर एक असा पिकलेला की बोट लावताच रस यावा. त्यांच्यात माझ्यासारखा जवळपास कुणीच नव्हता.

लहान फळं पकडीतून अंग चोरून निसटली आणि पलीकडे अख्खीच्या अख्खी पडली. मोठी पन्हळीच्या तोंडाशी अडकली. पिकलेली पकडीत चेंगरली. आणि जी नीट कापली गेली, त्यांच्या बियाही कापल्या गेल्या. लिंबात मोठी बी नसते, त्यामुळे पात्याला जपून चालायची सवयच नव्हती. बियांचे तुकडे आगळात, म्हणजे मीठ घातलेल्या रसात, पडले की सगळं आगळ बिघडतं.

मग शकूमावशी म्हणाली, “बाय, तुझं यंत्र फळं कापतंय का फळांना ओवाळतंय?”

सगळ्या हसल्या. साहिलही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. “सेटिंगचा इश्यू आहे मावशी. पाच मिनिटं,” तो म्हणाला आणि दुपार होईपर्यंत पाना फिरवत बसला. काही उपयोग झाला नाही.

काकू श्रुतिकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “गो, तुझ्यावर राग नाय. पण ढीग वाट बघत नाय. आजचं फळ उद्या पाणी सोडतं. बायका यंत्राच्या नावावर आल्यात. आज पुन्हा सुरी धरतील त्या माझ्या तोंडाकडं बघून. रोज रोज तोंड तरी कुठनं दाखवू?”

बायकांनी सुऱ्या उचलल्या.

साहिलने आम्हाला भराभर गोणपाटाच्या पिशवीत टाकलं. रागात टाकलं म्हणा ना. मी पिशवीच्या काठावर आपटलो, उडालो आणि घरंगळत मिठाच्या पिंपाखाली गेलो. आयुष्यभर घरंगळायला शिकलेला मी, तिथे जाऊन थांबलो. पिशवी सरपणात गेली. भाऊ गेले. कुणी मोजले नाहीत. एक कोंबडी आली, तिने मला चोच मारून बघितलं आणि ती नाराज होऊन निघून गेली. खरं सांगतो, त्या दिवशी मला कोंबडीचंही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिंपाखालून मला ओळखीची पावलं दिसली. श्रुतिका एकटीच आली होती. ती बायकांच्या रांगेत जाऊन बसली आणि तिने सुरी मागितली.

“पेपर सोडून आलीस गो?” शकूमावशीने विचारलं.

“पेपर सोमवारी हाय मावशी.”

“मंग अभ्यास?”

“तोच करतेय.”

विद्यापीठात शुद्ध बोलणारी श्रुतिका तिथे बसली की तुडीलची होऊन जायची. दिवसभर ती फळं कापत होती. बायका तिची टिंगल करत होत्या. हिचा ढीग दिवाळीपर्यंत संपेल, हिच्या सासरी आमसूल विकतच आणावं लागेल, असं काय काय. ती हसायची आणि त्यांच्या हातांकडे बघत राहायची. दुपारनंतर तिने शकूमावशीचं मनगटच धरलं.

“मावशी, तुम्ही फळ कापतच नाय.”

“मंग काय करते? कुरवाळते?”

“सुरी नुसती सालीतनं गोल फिरवता. आत जातच नाय ती. मग दोन्ही हातांनी मुरगळता, की फळ डबीसारखं उघडतं. बीला सुरी लागत नाय.”

शकूमावशीने एक फळ घेतलं आणि आपला हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा निरखत ते उघडलं. “असं करते होय मी?” ती म्हणाली. “माझा हात मला कधी बोलला नाय बघ.”

काकूंनीही एक फळ घेऊन बघितलं. मग सगळ्याच बायका आपापल्या हातांकडे बघू लागल्या. इतक्या मोसमांत त्यांनी स्वतःला कधी फळ उघडताना पाहिलं नव्हतं. बघायला कुणी सवडच दिली नव्हती. श्रुतिका सुरी घेऊन त्यांच्यापाशी बसली, तेव्हा ते बायकांनाही दिसलं आणि तिलाही.

सोमवारी पेपर लिहिताना तिच्या बोटांना पेन झोंबत होतं. बुद्धरत्नने बाहेर आल्यावर तिचे हात बघितले. “सगळी उत्तरं आंबट लिहिलीस ना?” असं म्हणाला, आणि पुढच्या एसटीने तिघंही पोलादपूरला आली.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्ट्यांत त्यांनी यंत्र पुन्हा उघडलं. वर पत्र्याच्या तोंडाऐवजी पुढे पुढे भोकं मोठी होत जाणारी उतरती जाळी बसवली. तिच्यातून लहान फळं आधी पडायची, मग मधली, मग मोठी, आणि तिन्हींच्या तीन वेगळ्या वाटा झाल्या. मोठं पातं काढून छोटं पातं लावलं. आता फळ पकडीत स्वतःभोवती फिरायचं आणि पातं सालीपुरतंच आत शिरायचं. किती शिरायचं, ते एका स्क्रूने ठरायचं. बायकांनी पुढे फळ हातात घेऊन फक्त मुरगळायचं.

सकाळी यंत्र छान चाललं. दुपारी पुन्हा बिया कापल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसते ओरखडे उठले, दुपारी ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी साहिल आणि बुद्धरत्न यांची जुंपली.

“स्क्रू तू लावलास ना सकाळी? कुठल्या फळावर लावलास?”

“जे हातात आलं त्याच्यावर.”

“ते कच्चं होतं.”

“आणि तू काल लावलास ते? ते तर रडत होतं नुसतं.”

“तुम्ही भांडा,” काकू म्हणाल्या. “तोवर राहिलेला ढीगही रडायला लागेल.”

साहिल वैतागून खालीच बसला. “बॉस, मला एक फळ असं द्या, जे पिकतच नाही. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. मग बोला.”

“होतं की,” बुद्धरत्न म्हणाला. “तूच फेकलंस.”

मग एखादा तरी घरंगळून इथेच राहिला असेल म्हणून श्रुतिका उठली आणि कोपरे धुंडाळू लागली. बायकांनी पोती हलवली. शेवटी मुंबईचा साहिल चांगल्या पँटीसकट जमिनीवर पालथा पडला, मोबाइलची बत्ती लावून त्याने मिठाच्या पिंपाखाली हात घातला आणि मला बाहेर काढलं. माझ्यावर मीठ आणि कोंबडीचं एक पीस चिकटलं होतं. त्याने ते शर्टाच्या बाहीने पुसलं. “सॉरी हां,” तो हळूच मला म्हणाला. हे फक्त मी ऐकलं.

श्रुतिका मला घेऊन महादूकाकांकडे गेली. जाताना तिने टोपलीभर रातांबेही नेले, लहान, मोठे, चपटे, वाकडे, जसे येतील तसे. तिने एकेकाची साल किती जाड आहे ते बघितलं, आणि सर्वांत पातळ सालीच्या फळाचीही बी वाचेल इतकी खोली ठरवली. मग म्हणाली, “काका, ह्याच्या पोटाभोवती एवढी खाच पाडायची.”

महादूकाकांनी मला हातात फिरवलं. “एवढा गुळगुळीत केलेला,” ते म्हणाले. “जिवावर येतं गं.”

पण त्यांनी मला लेथवर चढवलं. खाच पडताना तांबड्या रंगाचा एक धागा निघाला आणि खाली पडला. खऱ्या फळाच्या जागी म्हणून मला घडवलं होतं, प्रदर्शनात मिरवलं होतं, आणि आता पहिल्यांदा मला खऱ्या फळाची एक तरी खूण मिळत होती. माझ्यासोबत एक लहान आणि एक मोठा भाऊही नव्याने घडला. त्यांनाही अशाच खाचा.

तेव्हापासून माझं काम सुरू झालं. सकाळी काकू मला यंत्राच्या पकडीत ठेवतात आणि स्क्रू फिरवतात. पातं माझ्या खाचेत अलगद टेकलं की हात थांबवतात. मग मला काढून खिळ्याला अडकवतात आणि खरी फळं सोडतात. दुपारी पुन्हा एकदा बघतात. ऊन चढो, फळ पिको, मी सकाळी जसा होतो तसाच दुपारी. ज्या गुणामुळे मुलांची फसगत झाली होती, त्याच गुणावर आता पातं टेकत होतं.

सगळं वाचलं असं नाही मित्रांनो. पहिल्या ढिगातलं बरंच फळ वाया गेलं, ते काकूंनी मागच्या खड्ड्यात टाकलं. पण पुढचं वाचलं. सुरी हातातून गेली म्हणून रबरी मोजेही टिकू लागले. एके दुपारी बायका डबे उघडून बसल्या होत्या. शकूमावशीने सुक्या जवळ्याचं तिखट कालवण भाकरीला लावून खाल्लं आणि मधेच थांबून बोटं बघितली. सगळ्या जेवत राहिल्या.

मोसमाच्या शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सुकवलेली आमसुलं आत घ्यायची गडबड चालली होती. मुलंही पोती उचलू लागली होती. शकूमावशीने हातातले मोजे काढले, धुतले, झटकले.

“वयनी, हे मोजे घरी न्हेऊ का?” तिने विचारलं. “पुढल्या वर्साला येताना घेऊन येते.”

काकू आमसुलं भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, नुसती हलवली. पण त्यांच्या हातातल्या पोत्याचं तोंड बांधायला त्यांना फार वेळ लागला. श्रुतिका बाजूलाच उभी होती. तिने सुतळीचं दुसरं टोक धरलं.

मुलं पास झाली आणि पांगली. श्रुतिका पुण्याकडे एका कारखान्यात आहे, साहिल मुंबईला. बुद्धरत्न महाडच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. मोसमात सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवरून येतो, यंत्राला तेल देतो आणि शकूमावशीकडून बोलणी खाऊन जातो. पावसाळ्यात यंत्रावर जुनी चादर पडते. मी खिळ्याला असतो. महिनोन् महिने माझ्याकडे कुणी बघत नाही. एकदा तर मला काढून कुणीतरी दाराला अडण म्हणून लावलं होतं. वाईट वाटलं, पण दाराचंही काहीतरी अडलंच असेल.

यंदाच्या वैशाखात पुन्हा बिया कापल्या जाऊ लागल्या. काकूंनी स्क्रू फिरवून बघितला, पुन्हा पुन्हा माझ्यावर टेकवला. बुद्धरत्न आला, त्याने माझ्या खाचेत नख घातलं आणि म्हणाला, “काकू, हा झिजलाय.”

“झिजायचाच,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्सं पातं ह्याच्याच अंगावर बसतंय.”

तेव्हा कारखान्यात विद्यापीठाचा नवा गट आला होता. काकूंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आमची अडचण समजून घ्यायची असेल तर पावसात येऊ नका, परीक्षा सांभाळून वैशाखातच या. त्या गटात साक्षी नावाची मुलगी होती. तिने मला खिळ्यावरून काढलं.

“काकू, हा मी घेऊन जाते,” ती म्हणाली. “हुबेहूब असाच नवीन करून आणते.”

तिने मला पाठीवरच्या पिशवीत टाकलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा बोललो असतो. कारण खाच एकटीच बदललेली नाही. काकूंकडे आता कलमांची फळंही येतात. ती मोठी असतात, त्यांची साल जाड असते. ज्या फळांवरून माझी खाच ठरली, ती फळं केव्हाच आमसुलं होऊन गेली. माझ्यावरून हुबेहूब दुसरा केला, तर तो जुन्याच वर्षाचा रातांबा होईल.

साक्षी दारापर्यंत गेली. शकूमावशी ढिगापाशी बसली होती. “चाललीस कुठं एवढ्यात?” ती म्हणाली. “एसटीला अजून टाइम हाय. उन्हात उभी ऱ्हाऊन काय करशील? बस जरा.”

साक्षी बसली. पिशवी तिने मांडीशी ठेवली. मावशीशी बोलता बोलता तिचा हात ढिगाकडे गेला. तिने एक रातांबा उचलला, दाबून बघितला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. त्याच्या सालीत तिने नख रोवलं आणि तिचं बोलणं मधेच थांबलं. मी पिशवीत पडून ऐकत होतो. एसटी आली असावी, कारण मावशी म्हणाली, “गाडी आली गो तुझी.”

“जाऊ दे मावशी,” साक्षी म्हणाली. “दुसरी येईल.”

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुणासाठी काहीतरी घडवाल. घडवलेल्या वस्तूंना जपा, त्यांना तेल द्या, चादर घाला, दाराखाली लावू नका. आम्ही खूप वर्षं सोबत करतो. पण माप घ्यायची वेळ आली की आमच्याकडे बघू नका, आम्ही कितीही गुळगुळीत असलो तरी. ज्यांच्यासाठी करायचं, त्यांच्यापाशी जाऊन बसा, त्यांच्या ढिगात हात घाला, आणि या वर्षीचं फळ उचलून बघा.